गावंडे बाईंची घाई

गावंडे बाईंना मी कधी खुर्चीवर नीट बसलेलं पाहिलं नाही, असं लिहायला घेतलं आणि लगेच थांबलो. ते खरं नाही. एका खोलीत त्या बसत. त्या खोलीबद्दल पुढे येईलच. बाकी सगळीकडे बाई उभ्या तरी असत, नाहीतर चालत तरी असत.

विभागाच्या बैठकीत त्या खुर्ची मागे सरकवून तिच्या पाठीवर हात टेकून उभ्या राहत. त्या उभ्या आहेत म्हणून आम्हीही अवघडून उठलो, तर चिडत. "बसा न पाठकजी, तुमचे पाय कुठे दुखून राहिले माझ्यामुळे?" हातात कापडी पिशवी, पिशवीत फुटाणे. समोरचा बोलायला लागला की दोन फुटाणे तोंडात जात, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत "मग? पुढे?" टांग्यात बसल्या तर राजकमल चौकापर्यंतही त्यांना दम निघत नसे. मध्येच उतरून चालू लागत आणि टांगेवाला रिकामा टांगा हाकत त्यांच्या शेजारून येई. "बसा न बाई," तो विनवायचा, "घोड्याले लाज वाटून राह्यली."

मी मुळात तत्त्वज्ञानाचा. अकोल्याचा माणूस, अमरावतीच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. मानसशास्त्र हे तेव्हा आमच्याच विभागाचं शेपूट होतं. पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा संस्थेने ते शेपूट कापून वेगळं केलं, लोकांना सल्ला देणारी माणसं तयार करण्याचा एक पदविका वर्ग काढायचं ठरवलं आणि प्रमुख म्हणून कुसुम गावंडे यांना आणलं. तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडच्या शेतकरी घरातली मुलगी, कलकत्त्याला शिकून आलेली, लग्न न केलेली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. नव्या विभागाला माणसं कमी पडत होती म्हणून मला तिकडे ढकललं. घरी जाऊन मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला विद्यार्थ्यांच्या रांगेत बसवलं. जोड्या लावल्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. माझ्या वाट्याला दर्यापूरकडचा एक मुलगा आला. तो त्याच्या थोरल्या भावाशी झालेल्या भांडणाबद्दल सांगत होता. चांगलं सांगत होता. मी न राहवून म्हणालो, "अरे, माझंही माझ्या भावाशी अगदी असंच झालं होतं."

बाईंनी दार उघडलं. "पाठकजी, सगळ्यांसाठी चहा सांगून या."

तो त्यांचा नियम होता. ऐकताना ज्याच्या तोंडून "माझंही असंच" निघेल, त्याने कँटीनपर्यंत जाऊन चहा सांगायचा. वर्गातला सगळ्यात वयस्कर माणूस सगळ्यात आधी बाहेर पडला. परत आलो तेव्हा तो मुलगा बाईंना उरलेलं भांडण सांगत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मला ते एवढं मोठं असेल असं वाटलंच नव्हतं.

आता ती खोली. येणाऱ्या माणसाशी बोलायला बाईंना एक खोली हवी होती. प्राचार्यांनी व्हरांड्याच्या टोकाची दिली, पण तिचं दार लागत नव्हतं. चौकट फुगलेली, फळी तडकलेली. अर्ज केले, सुतार येतो म्हणाला, आला नाही. बाईंना आठवडाभरसुद्धा थांबवेना. त्यांनी गड्याला हाताशी घेऊन स्वतःच्या कार्यालयाचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि त्या खोलीला बसवलं. विभागप्रमुखांच्या कार्यालयाला मग कित्येक वर्षं पडदाच होता. संस्थेचे चिटणीस एकदा पडदा बाजूला करून आत आले आणि म्हणाले, "हे काय, बाई?" बाई म्हणाल्या, "मले लपवायसारखं काय आहे? ज्याले आहे, त्याले दार दिलं."

त्या खोलीत बाई बसत. समोर कुणी येऊन बसलं की दोन्ही हात मांडीवर, पाठ सैल, मान जराशी कललेली. पाऊण पाऊण तास. फुटाण्यांची पिशवी बाहेर खुंटीला. विद्यार्थी चेष्टेने म्हणत, बाई पिशवीबरोबर आपली घाईही खुंटीला टांगून आत जातात. मी एकदा त्यांना विचारलं, हे जमतं कसं? "घाई माझी आहे," त्या म्हणाल्या, "समोर बसलेल्याची नाही." आणि ताडताड निघून गेल्या.

पुढे कुठल्याशा परिभाषेच्या यादीत 'समुपदेशन' हा शब्द आला. बाईंनी तो फळ्यावर लिहिला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मधला 'उपदेश' पुसून टाकला. उरलेलं काहीच वाचता येईना. "राहू द्या," म्हणाल्या, "नाव मागून ठरवू."

सुधाकर चांदूरकर हा त्या वर्षीचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. इंग्रजी पुस्तकं त्याला तोंडपाठ. त्याच्या समोर एकदा झोप न येणारी एक म्हातारी बसली होती. बाई आणि मी मागे. सुधाकरने घसा साफ केला आणि अत्यंत आदराने विचारलं, "आजी, सध्या तुमच्या भावना कशा आहेत?"

म्हातारी गोंधळली. "भावना कोन? माही पोरगी त लक्ष्मी हाय. ते बरी हाय."

मी मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल थोडं पुढे ओढलं. "लक्ष्मी बरी हाय, मंग तुमचा जीव कुठं लागून राह्यला, मावशी?" म्हातारीने पदराचं टोक तोंडाला लावलं आणि बोलायला सुरुवात केली. संध्याकाळी बाई सुधाकरला म्हणाल्या, "तुझा प्रश्न बरोबर होता. भाषा तिची नव्हती." त्याला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. त्याच्यावर त्यांचा जीव होता, हे मला पुढे जे झालं त्यामुळे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

सहा जणांच्या त्याच तुकडीत सुमन वानखडे होती. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसमध्ये काम करणाऱ्या बापाची मुलगी. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा ती मॅट्रिकला होती. कमी बोलायची, आणि बोलली की सरळ.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमच्याकडे वलगावच्या एका शेतकरी घरची सून पाठवली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. बाईंनी लिहू दिलं नसतं. तान्हं मूल दगावलं तेव्हापासून ती बोलत नव्हती. स्वयंपाक करी, शेतात जाई, मान हलवून हो-नाही करी. घशात दोष नव्हता. बरोबर सासू आली होती. बाईंनी सुमनला पुढे केलं.

सासूने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोनाची व तू?"

"वानखडे. अकोल्याची. आमी बौद्ध."

सासू बाईंकडे वळली. "दुसरी कोनी नाई काय?"

"दुसरी नाई," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दोन मुली तेव्हा शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. सासू-सून गेल्यावर सुमन पडदा सारून आत आली. मी तिथेच होतो. "बाई, तुमी खोटं काहून बोलल्या? मले बोलू द्याचं होतं. मी पाहून घेतलं असतं तिले."

बाईंनी फुटाणे पिशवीत परत टाकले. "खरं आहे. पुढच्या वेळी तूच बोल."

पुढच्या वेळी सासू बाहेर लिंबाखाली बसून राहिली आणि सून एकटी आत गेली. सुमन सासूला काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. दोन भेटी दाराआडून आवाजच आला नाही, त्या दोघी नुसत्या बसून होत्या. सुधाकर वैतागला. "बाई, हे काय चाललंय? दोघीही गप्प!" बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. त्यांनाही धीर नव्हता, पण दाराकडे त्या वळल्या नाहीत. तिसऱ्या भेटीनंतर सुमन बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "बोलली." काय बोलली ते बाईंनी विचारलं नाही. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना चहा बाईंकडून.

आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं. वर्गाला मान्यता द्यायची तर समितीला प्रत्यक्ष काम बघायचं होतं. बाईंनी आधी विद्यार्थ्यांचं आपापसातलं प्रात्यक्षिक दाखवायची तयारी ठेवली होती. समितीने कळवलं, नाटक नको, खरं दाखवा. मान्यता नाही तर पदविकेला किंमत नाही. शाळांमधून सल्लागारांच्या नव्या जागा निघत होत्या, त्या या कागदावर अडलेल्या. सुधाकरचं तर नागपूरच्या एका शाळेत जवळजवळ ठरलं होतं. बाईंना ती मान्यता त्याच वर्षी हवी होती. त्यांनी होकार पाठवला.

वलगावच्या बाईला त्यांनी स्वतः विचारलं. "तीन मोठे मानसं येतीन. मागं बसतीन, बोलनार नाईत. चालन काय?" तिने मान हलवली.

सुमन म्हणाली, "बाई, ते तुमाले नाई कसं म्हनन?"

"मान हलवली न तिनं?"

"हलवली. मान त ते घरीबी हलवते."

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांना खुर्च्या गोळा करायच्या होत्या, उन्हासाठी वाळ्याच्या ताट्या बांधून घ्यायच्या होत्या, पाहुण्यांचं जेवण बघायचं होतं. त्या आठवड्यात त्यांनी कुणाचंच वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

समिती आली त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अध्यक्ष भारदस्त, बोलायला अतिशय सभ्य. जेवताना ते म्हणाले, कागदावरच चालणारे विभाग आम्ही फार पाहिले हो, म्हणून खरं बघायचा आग्रह. त्यात गैर काहीच नव्हतं. परतताना त्यांना मोझरीच्या आश्रमात सायंप्रार्थनेला थांबायचं होतं, म्हणून सगळं वेळेवर हवं होतं.

बाईंनी दार उघडलं. आत वलगावची बाई काहीतरी सांगत होती, अगदी हळू, जमिनीकडे पाहत. तिची नजर वर आली, दारातली माणसं तिला दिसली. ती ओरडली नाही, उठली नाही. बसल्या जागी अंगाचं गाठोडं करून ती भिंतीकडे वळली आणि पदर पार हनुवटीखाली ओढला. सुमन उठली, आमच्यापाशी आली, बाहेर पाऊल टाकून तिने मागे दार ओढून घेतलं.

"बाई, आज नाई."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "थोडं थांबू आम्ही. ती सावरेल."

सुमन दारासमोरून हलली नाही. ती अध्यक्षांकडे बघतच नव्हती, बाईंकडे बघत होती. आणि बाई त्या उन्हाच्या झळांत, व्हरांड्यात, उभ्या होत्या. पाय हलत नव्हता, हात हलत नव्हता. मला आठवतं, मीच घाबरून काहीतरी बोलू लागलो होतो.

"सुमन म्हणते ते बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "हे दाखवता येत नाही. तुम्ही मला विचारा, मुलांना विचारा, हवं तेवढं. आत नाही जाता येणार."

"बाई, पत्रात तुम्हीच कबूल केलंय."

"केलंय. चुकलं माझं."

"मग आम्ही लिहायचं काय?"

"पाहिलं नाही, असं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. मान्यता मिळाली नाही. सहा विद्यार्थ्यांचं वर्ष गेलं.

निकाल कळला त्या दिवशी सुधाकर आला. बसला नाही. "बाई, एका बाईसाठी आम्हा सहा जणांचं वर्ष?"

"हो."

"आम्हाला विचारलंत?"

बाई खिडकीकडे गेल्या, परत आल्या. "नाही विचारलं. तिलाही नीट विचारलं नव्हतं, तुम्हालाही नाही."

"तत्त्व तुमचं बाई, वर्ष आमचं," तो म्हणाला आणि पडदा उडवून निघून गेला. नागपूरची जागा गेली. तो पुढे एका कापडाच्या दुकानात हिशेबाला लागला आणि कॉलेजकडे फिरकला नाही.

मी बाईंना धीर द्यायला गेलो. तुम्ही योग्यच केलंत, म्हणालो. त्या माझ्यावर उसळल्या. "योग्य केलं ते मलाही कळते, पाठकजी. त्यानं झोप येते का? पत्राला हो म्हणताना माझी अक्कल कुठे गेली होती? तेव्हाच नाही म्हटलं असतं तर दुसरं काही दाखवता आलं असतं. पोरांचं वर्ष माझ्या घाईनं गेलं. त्या वलगावच्या पोरीच्या माथी कशाला मारता?"

तो उन्हाळा त्यांनी एस.टी.त काढला. या सहा जणांना मागाहून तरी मान्यता मिळावी म्हणून त्या नागपूरच्या फेऱ्या घालत होत्या. अध्यक्ष दरवेळी पाणी विचारत, सरबत विचारत आणि नियम दाखवत. इकडे वलगावची बाई येणं बंद झालं होतं. एका संध्याकाळी बाई माझ्या दाराशी आल्या, चला, फिरून येऊ. वलगावच्या रस्त्याला लागलो. त्या इतक्या भरभर चालत होत्या की मला धाप लागली. पेढी नदीच्या अलीकडे, गावातली झाडं दिसायला लागली तशा त्या थांबल्या.

"मी घरी गेले तर सासू विचारेल, शहरातली बाई काहून आली? मग त्या पोरीला त्याचीच उत्तरं देत बसावं लागेल." थोडा वेळ त्या गावाकडे पाहत राहिल्या. "चला परत."

पेरण्या आटोपल्यावर, जुलैच्या अखेरीला, सासू-सून आपणहून आल्या. फाटकाशीच उभ्या राहिल्या. सासूने विचारलं, "ते मानसं गेले काय?"

"गेले माय," बाई म्हणाल्या. "आता कोनी येत नाई."

सुमनने तोवर अकोल्याच्या एका शाळेत नोकरी धरली होती. बाईंनी निरोप धाडला. सुमन त्यानंतर दर रविवारी पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरून यायची, त्या एका बाईसाठी. हे काम कुठल्या पदविकेत धरलं जाणार नव्हतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत हे चाललं. त्यातलं मला काही माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की एका रविवारी मी व्हरांड्यात होतो आणि फाटकाबाहेर एक खणखणीत बाईमाणसाचा आवाज आला. "अवो, दमानं हाका न बापा! सासूबाई पडतीन न खाली!" टांगेवाल्याला कोण झापतंय म्हणून मी डोकावलो. वलगावची सून सासूला हाताला धरून टांग्यात चढवत होती. मी वळून पाहिलं तर बाई माझ्या मागेच उभ्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्या पडद्याआड गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी दुसरी समिती आली. ती माणसं दिवसभर विद्यार्थ्यांशी बोलत बसली. मान्यता मिळाली. सगळे आनंदले, पेढे वाटले. बाईंनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "आणि मागचे सहा?" मागच्या सहांसाठी नियम तोच होता: पुन्हा वर्ष भरायचं. तिघांनी भरलं. सुमनने नाही म्हटलं. "बाई, आनखी एक वर्ष कुठून आनू? घरी भाऊ शिकून राह्यले." सुधाकरला बाईंनी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

आणखी काही वर्षं त्यांनी विभाग चालवला. विभागाचं नाव झालं तशी संस्थेला चाळीस विद्यार्थी हवेसे झाले. बाई म्हणाल्या, दहाच्या वर एकाही मुलाचं ऐकणं मला तपासता येणार नाही. चिटणीस म्हणाले, सांभाळून घ्या. सांभाळून घेणं बाईंना कधी जमलं नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला आणि त्या अकोल्याला गेल्या, सुमनच्याच शाळेत. तिथल्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलायला दोघींनी मिळून एक खोली मागून घेतली होती. विभागाचा प्रमुख मला केलं. माझ्या वर्गात चाळीस असत.

त्यानंतर बाई मला एकदाच भेटल्या. मी अकोल्याहून परत निघालो होतो. गाडीत बसलो आणि फलाटावर त्या दिसल्या, सुमनबरोबर, कुणाला तरी सोडायला आलेल्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला पाहताच खिडकीशी आल्या आणि कसे आहात वगैरे काही न विचारता सरळ म्हणाल्या, "पाठकजी, सुधाकर भेटतो का?"

भेटतो, म्हटलं. दुकानात जाणं होतं कधीकधी.

"अजून रागावून आहे?"

मी खोटं बोलणार होतो, पण त्यांच्यापुढे ते कधी जमत नसे. "आहे," म्हणालो.

"मले वाटलंच. पाहा, त्याला असं सांगा..." गाडी हलली. बाई खिडकीच्या गजाला धरून चालू लागल्या. "नाही, सांगू नका. तुम्ही नुसतं त्याच्याजवळ बसा. तो काय म्हणतो ते ऐका. मध्ये बोलू नका. माझी बाजू घेऊ नका, समजलं?" सुमन मागून पळत येत होती, "बाई, गज सोडा, पडान!" म्हणत. बाईंनी गज सोडला, पण चालणं सोडलं नाही. गाडीने वेग घेतला तसा त्यांनीही घेतला. एक हात हलवून त्या मला आणखी काहीतरी समजावत होत्या. फलाटाच्या टोकाशी उतार लागला तिथे सुमनने त्यांचा दंड पकडला, तेव्हा त्या थांबल्या. इंजिनाच्या आवाजात मला शब्द कळत नव्हते. मी खिडकीतून वाकून पाहत राहिलो. त्या अजून बोलतच होत्या.